दुबई तेवीस किलोमीटरनं लांबली

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळापासून दुबईच्या विमानतळापर्यंतचं सरळ अंतर सुमारे १,९२७ किलोमीटर आहे. तेच अंतर नवी मुंबईत, उलवे आणि पनवेलच्या मधोमध झालेल्या नव्या विमानतळावरून मोजलं, तर ते साधारण १,९५० किलोमीटर भरतं. नवी जागा जुन्या जागेच्या आग्नेयेला आहे आणि दुबई वायव्येला, त्यामुळे हे ओघानंच आलं. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नव्या विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि भूगोलाच्या हिशेबात खारघर-पनवेलकरांची दुबई तेवीस किलोमीटरनं लांब गेली. ताशी ८५० किलोमीटरनं उडणाऱ्या विमानाला हे तेवीस किलोमीटर कापायला दोन मिनिटंही लागत नाहीत. तरीही याच बदलामुळे त्यांचा प्रवास तासा-दीड तासानं आखडू शकतो. दोन शहरांमधलं अंतर किलोमीटरमध्ये सांगितलं की वेळेचा प्रश्न भागाकारानं सुटतो, असं आपण धरून चालतो. वेळ अंतरातून निघते खरी, पण वारा, देशांच्या सीमा आणि धावपट्टीसमोरची रांग या तिघांनी आपापला हिशेब त्यात मिळवल्यावरच ती घड्याळात उमटते. या तिघांपैकी प्रवाशाच्या बाजूनं सर्वांत जास्त हलवता येण्याजोगी गोष्ट आकाशात नसून जमिनीवर आहे, हे या प्रकरणात दाखवायचं आहे.

आधी अंतराचंच बघू. गोलावरची सर्वांत जवळची वाट म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलानं पृष्ठभागावर कापलेला कंस. शाळेच्या भिंतीवरच्या सपाट नकाशावर तो वाकडा दिसतो, आणि विमानं सरळ न जाता वळसा का घेतात असा प्रश्न पडतो. दुबईसारख्या जवळच्या ठिकाणी हा फरक नगण्य असतो. मुंबई-टोकियोसारख्या लांब मार्गावर तो दिसू लागतो. नारिता विमानतळापर्यंतचा कंस सुमारे ६,७८५ किलोमीटरचा आहे, आणि नकाशावर पट्टी ठेवून आखलेली रेषा त्याहून ९० किलोमीटरच्या आसपास जास्त. सात हजार किलोमीटरच्या प्रवासात नव्वद म्हणजे फार नाही; या कंसाचं कौतुक लोकप्रिय पुस्तकांत जरा अतीच होतं. गंमत पुढेच आहे. हा कंस मुंबईहून निघून सिलिगुडीच्या आसपास पोचतो, भूतान ओलांडतो, तिबेटच्या पूर्व भागावरून सिचुआनमधल्या चेंगडूच्या उत्तरेकडून पुढे सरकतो. प्रवासी विमानं मात्र तिबेटचं पठार शक्यतो टाळतात. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर विमानाला तीन-चार किलोमीटरच्या उंचीपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिबेटमध्ये जमीनच चार किलोमीटरच्या वर आहे. म्हणून वाट दक्षिणेकडे, म्यानमार आणि युन्नानच्या बाजूला झुकते. गणितानं काढलेला सर्वांत लहान रस्ता आणि प्रत्यक्ष उडलेला रस्ता यांत असा फरक जवळजवळ प्रत्येक मार्गावर पडतो.

आता वेळ. तिकिटावर छापलेली वेळ हवेतली नसते. विमान आपल्या जागेवरून मागे ढकललं जातं तेव्हापासून ते पोचल्यावर आपल्या जागी थांबेपर्यंतचा सगळा काळ त्यात धरलेला असतो. विमान कंपन्यांत त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंत सरपटत जाणं, रांग, चढण, उतरण, पुन्हा सरपटणं हे सगळं त्यात येतं, आणि हा खर्च प्रवास लांबचा असो की जवळचा, थोड्याफार फरकानं तेवढाच राहतो. रिक्षाच्या मीटरसारखं आहे हे: पहिल्या टप्प्याचं ठरलेलं भाडं आणि मग किलोमीटरमागे दर. आशियातल्या जवळच्या शहरांसाठी कामचलाऊ नियम असा करता येईल: अंतराला ८५० नं भागा आणि पाऊण तास मिळवा. मुंबई-कोलंबो सुमारे १,५२५ किलोमीटर. नियमानं दोन तास तेहतीस मिनिटं. मुंबई-सिंगापूर सुमारे ३,९२० किलोमीटर. पाच तास बावीस मिनिटं. दुबई तीन तास एक मिनिट. प्रत्यक्ष वेळापत्रकं याच्या जवळपास असतात, पण दुबईला जातानाची वेळ सव्वातीन तासांकडे झुकते आणि येतानाची तीनच्या आत-बाहेर राहते. अंतर दोन्ही वेळा तेवढंच असताना हा फरक नियमात बसत नाही. टोकियोच्या बाबतीत तर तो मिनिटांचा नाही, तासांचा आहे: जाताना आठ तासांच्या आसपास, परत येताना दहाच्या आसपास.

याचं पुष्कळांच्या मनात बसलेलं स्पष्टीकरण म्हणजे पृथ्वीचं फिरणं. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्यामुळे पश्चिमेला जाणाऱ्या विमानाकडे दुबई आपणहून सरकत यायला हवी, असा हा तर्क. तो खरा असता तर काय झालं असतं ते बघण्यासारखं आहे. पनवेल आणि दुबई यांच्या रेखांशांत सुमारे १७.७ अंशांचा फरक आहे आणि पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. म्हणजे पनवेलवर एखादं हेलिकॉप्टर नुसतं अधांतरी उभं राहिलं असतं तरी एक तास अकरा मिनिटांत दुबईचा रेखांश त्याच्या पोटाखाली आला असता, आणि विमान कंपन्यांना इंधनाची गरजच उरली नसती. तसं होत नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबर फिरते आणि विमान त्या हवेत उडतं. शिवाय अनुभव नेमका उलट आहे: पश्चिमेला जायला वेळ जास्त लागतो. (जाता जाता, घड्याळ या अकरा मिनिटांशीही इमान राखत नाही. भारत आणि दुबई यांच्या प्रमाणवेळांत दीड तासाचा फरक आहे, सूर्याच्या हिशेबानं तो एक तास अकरा मिनिटंच असायला हवा. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, मुंबईच्या बरीच पूर्वेची. मुंबईनं १९५५ पर्यंत स्वतःची निराळी वेळ हट्टानं चालवली होती, ती सूर्याला अधिक धरून होती.)

खरं कारण वारा. हिवाळ्यात उत्तर भारतावरून दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचा पट्टा वाहतो आणि तो पुढे चीन-जपानवर आणखी बळावतो. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरचा वेग तिथे नवलाचा नाही. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. पण आपला अहवाल त्यांनी एस्पेरांतो भाषेत छापला आणि जगानं त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. हा वारा पाठीवर घेऊन विमान टोकियोला जातं आणि तोंडावर घेऊन परत येतं. इथे एक साहजिक आक्षेप येतो: जाताना वाचलेली वेळ येताना खर्च झाली, म्हणजे हिशेब बरोबरीत सुटला की. सुटत नाही. समजा अंतर ६,८०० किलोमीटर, विमानाचा हवेतला वेग ८५० आणि वारा सरसकट १५०. वारा नसता तर जायला आठ आणि यायला आठ, मिळून सोळा तास. वारा असताना जाताना जमिनीच्या हिशेबानं वेग १,००० होतो आणि सहा तास अठ्ठेचाळीस मिनिटं लागतात; येताना तो ७०० वर येतो आणि नऊ तास त्रेचाळीस मिनिटं लागतात. बेरीज साडेसोळा तासांची. वारा मदत करतो तेव्हा विमान त्याच्या संगतीत थोडा वेळ असतं, अडवतो तेव्हा जास्त वेळ, म्हणून येण्याजाण्याच्या एकूण हिशेबात वारा नेहमी तोट्याचाच. दुबईच्या मार्गावर हेच छोट्या प्रमाणावर घडतं. ताशी ८० किलोमीटरचा पश्चिमेचा वारा धरला तर जातानाचा हवेतला वेळ अडीच तास, येतानाचा दोन तास पाच मिनिटं. वेळापत्रकातला फरक यातून बराचसा उलगडतो.

पावसाळ्यात मात्र चित्र पालटतं, आणि कोकणातल्या माणसाला ते सहजी पटणारं नाही. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा समुद्रावरून इतका जोरात येत असतो की दुबईला जाणाऱ्या विमानाला तो छातीवर घ्यावा लागत असणार, असंच वाटतं. पण मोसमी वारा हा खालच्या काही किलोमीटरांचा कारभार आहे. त्याच्या बऱ्याच वर, बारा-पंधरा किलोमीटरच्या पट्ट्यात, त्याच महिन्यांत दक्षिण भारतावरून आणि अरबी समुद्रावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे वारे वाहतात. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये या पूर्वेच्या वेगवान प्रवाहाचं वर्णन केलं. त्याचा मुख्य जोर मुंबईच्या दक्षिणेला असतो, त्यामुळे दुबईच्या विमानाला सगळा फायदा मिळतो असं नाही. पण हिवाळ्यातली ती पश्चिमेची भिंत तेव्हा हललेली असते. म्हणजे मुंबई ते दुबई किती वेळ लागतो, या प्रश्नाला महिना सांगितल्याशिवाय नेमकं उत्तर नाही.

वाऱ्यानं मिनिटांचा किंवा तासाचा फरक पडतो. सीमा मात्र अंतर नावाची गोष्टच मोडीत काढू शकते. दिल्ली-ताश्कंद हे सुमारे १,५८० किलोमीटर, म्हणजे मुंबई-दुबईपेक्षा साडेतीनशे किलोमीटरनं कमी. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांसाठी आपलं आकाश बंद केलं, आणि त्या महिनाअखेरीस इंडिगोला दिल्लीहून ताश्कंद आणि अल्माटीची उड्डाणं थांबवावी लागली. उरलेल्या वळशाच्या वाटेनं ही शहरं त्यांच्या ताफ्यातल्या विमानांच्या पल्ल्याबाहेर गेली होती. शहरं जागची हलली नव्हती. मुंबईहून दुबईला जाणारं विमान अरबी समुद्रावरून ओमानकडे जातं, म्हणून त्याला या बंदीची झळ फारशी लागली नाही. मुंबई आणि कराची ही तर याहून बोलकी जोडी. दोन्हींत सुमारे ८७५ किलोमीटर. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी पस मॉथ जातीचं एका इंजिनाचं छोटं विमान टपालासह घेऊन सकाळी कराचीहून निघाले आणि वाटेत अहमदाबादला थांबून दुपारी जुहूला उतरले. आज या दोन शहरांमध्ये थेट विमान नाही. दुबईमार्गे जायचं तर हवेतलं अंतरच ३,१०० किलोमीटरच्या वर जातं, आणि मधला मुक्काम धरला तर टाटांच्या त्या सकाळ-दुपारच्या आत पोचणं कठीणच. नव्वद वर्षांत विमानाचा वेग पाचपटीच्या आसपास वाढला आणि प्रवास लांबला, याचं यापेक्षा सरळ उदाहरण आशियात क्वचितच सापडेल.

तिसरी गोष्ट रांगेची, आणि ती पूर्णपणे मुंबईची आहे. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी व्यवहारात एकच वापरता येते. या एका पट्टीवरून चोवीस तासांत हजाराहून जास्त विमानांची ये-जा करून दाखवण्याचा विक्रम या विमानतळानं केला, त्याचं कौतुकही झालं. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनंच सांगितलं की गर्दीच्या वेळी विमानांना शहरावर चाळीस ते साठ मिनिटं घिरट्या घालाव्या लागतात, आणि असं विमान तासाला सरासरी २,००० किलो इंधन जाळतं. मग गर्दीच्या तासांतली विमानांची संख्या ४६ वरून ४४ वर आणि इतर वेळची ४४ वरून ४२ वर आणण्यात आली. दुबईहून मुंबईपर्यंतचं अंतर दोन तासांत कापायचं आणि शेवटचे पंचवीस किलोमीटर उतरायला पाऊण तास थांबायचं, हा तो प्रकार. कंपन्या यावर उपाय करतात तो वेळापत्रकातच. रांगेचा अंदाज आधीच ब्लॉक टाइममध्ये घातला की विमान वेळेवर ठरतं. ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत आलं तरी ते वेळेवरच मोजलं जातं. त्यामुळे वेळापत्रकातली वेळ ही विमानाच्या वेगापेक्षा विमानतळाच्या कोंडीची नोंद जास्त असते. रांग नसली की कधी कधी विमान वीस मिनिटं लवकर येतं आणि वैमानिक तसं मोठ्या समाधानानं जाहीर करतात. ती वीस मिनिटं आपल्याकडून आधीच घेऊन ठेवलेली असतात.

आता विमानाच्या वेगाकडे बघू, कारण या तिन्ही अडचणींवर वेगवान विमान हा उपाय कुणालाही सुचेल. एअर इंडियानं १९६० मध्ये बोइंग ७०७ हे आपलं पहिलं जेट विमान आणलं. आजची विमानं त्याच्यापेक्षा खूप शांत, काटकसरी आणि सुरक्षित आहेत. वेगवान मात्र नाहीत. ध्वनीच्या वेगाजवळ गेलं की हवेचा विरोध झपाट्यानं वाढतो आणि इंधन परवडत नाही, म्हणून ताशी ८५०-९०० किलोमीटरची ती मर्यादा सहा दशकं जागेवर आहे. म्हणजे हवेतले ते अडीच तास आपल्या आयुष्यात फारसे कमी होणार नाहीत. कमी व्हायचं ते आजूबाजूचं. खारघरहून दुबईचा एक प्रवास हिशेबासाठी मांडू. अंधेरीच्या जुन्या विमानतळाकडे जायला वाशी खाडीपूल, मानखुर्द, चेंबूर असे रस्त्यानं पस्तीसेक किलोमीटर. सायन-पनवेल महामार्गाचा भरवसा नसल्यानं माणूस दोन तास हाताशी ठेवतो. आंतरराष्ट्रीय उड्डाणाआधी तीन तास पोचायची प्रथा. मग सव्वातीन तासांचा ब्लॉक टाइम आणि दुबईत बाहेर पडायला एक तास. एकूण सव्वानऊ तास, आणि त्यांत उंचावर घालवलेले अडीच. नवा विमानतळ खारघरपासून अर्ध्या तासावर धरला तर बाकी सगळं तसंच राहूनही दीड तास वाचतो. महाड, माणगाव, श्रीवर्धनहून आखातात नोकरीला असलेल्या माणसांच्या बाबतीत हे आणखी ठळक आहे. रायगड आणि रत्नागिरीतून पिढ्यान्‌पिढ्या लोक तिकडे जातात, आणि त्यांची मुंबईकडची वाट पनवेलवरूनच जाते. आजवर पनवेलला आल्यावर त्यांच्या प्रवासाचा सर्वांत बेभरवशाचा तुकडा सुरू व्हायचा.

यावर आक्षेप येईल की रस्त्याचा वेळ हा उड्डाणाचा वेळ नव्हे. दोन शहरांमधल्या विमानप्रवासाची चर्चा करताना वाशीच्या पुलावरची कोंडी मध्ये आणणं म्हणजे विषय सोडणं. हा आक्षेप काटेकोर वाटतो, पण ब्लॉक टाइमनं त्याचा आधार आधीच काढून घेतला आहे. ज्या आकड्याला आपण बिनदिक्कत उड्डाणाची वेळ म्हणतो, त्यात सरपटणं आणि रांग आहेच, म्हणजे जमीन आहेच. प्रश्न फक्त ती कुठे तोडायची एवढाच उरतो, आणि विमानाच्या दारापाशी तोडणं विमान कंपनीला सोयीचं असलं तरी प्रवाशाला त्यातून काही कळत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हा फायदा सगळ्यांना नाही. बोरिवली किंवा वसईच्या माणसाला नवा विमानतळ म्हणजे लांबचा हेलपाटा आहे, आणि जानेवारी २०२४ पासून सुरू असलेल्या अटल सेतूनं तो कमी झाला तरी संपलेला नाही. हे पूर्ण खरं आहे. मुंबई नावाच्या शहरापासून दुबई किती लांब, हा प्रश्न त्यामुळेच फसवा होतो. शिवडी, ठाणे, कल्याण, अलिबाग, विरार यांची उत्तरं वेगवेगळी येतील, आणि त्यांच्यातला फरक वाऱ्यानं पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा असेल.

उरतो तो काळाचा प्रश्न. नव्या विमानतळाचा पहिला टप्पा वर्षाला दोन कोटी प्रवाशांचा आहे आणि सध्या चालते ती एकच धावपट्टी. ती भरली की मुंबईवरच्या घिरट्या पनवेलवर सुरू होतील, अशी शंका रास्त आहे. एका पट्टीवर तासाला उतरू-उडू शकणाऱ्या विमानांची संख्या मर्यादितच असते, मग ती जुन्या विमानतळाची असो की उलव्याची. शिवाय दोन्ही विमानतळ सरळ रेषेत जेमतेम पंचवीस किलोमीटरवर आहेत, दोन्हींच्या मुख्य पट्ट्या साधारण पूर्व-पश्चिम, आणि दोन्हींकडे येणारी विमानं एकाच आकाशातून वाट काढणार. समुद्राकडून वारा असताना विमानं पश्चिमेकडे तोंड करूनच उडतात आणि उतरतात. दुबईच्या विमानाला ते आयतंच सोयीचं, सिंगापूरच्या विमानाला मात्र उलट्या दिशेनं उडून मग वळावं लागतं, आणि हे वळण शेजारच्या विमानतळाच्या रांगेला न छेदता घ्यावं लागतं. फरक इतकाच की नव्या विमानतळाच्या आराखड्यात दुसरी पट्टी पहिलीला समांतर आहे. छेदणाऱ्या दोन पट्ट्या मिळून एकीइतकंच काम देतात. समांतर असल्या तर एकीवरून उडणारं विमान दुसरीवर उतरणाऱ्याची वाट अडवत नाही. उलव्याची टेकडी कापून, नदीचा प्रवाह वळवून आणि गावं उठवून ही जागा मोकळी केली गेली, ती या दोन समांतर पट्ट्यांसाठी. दुसरी पट्टी किती लवकर होते, यावर पनवेलकरांचा तो दीड तास किती वर्षं टिकतो हे ठरेल.